आईची गोधडी

घरात माझ्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. नात रोज सकाळी शिंकून शिंकून बेजार व्हायची. मी म्हटलं, "कुत्र्याच्या केसांनीच होतं हे." नवरा म्हणाला, "मंदे, मुक्या जनावरावर आळ घेऊ नको." मी भांडून टायगरला खडवलीला भावाकडे धाडला.

शिंका तशाच. डॉक्टरांनी विचारलं, "पोर पांघरते काय?"

मी ऐटीत सांगितलं, "माझ्या आईची गोधडी! वास जाईल म्हणून आई गेल्यापासून धुतलेली नाही."

"मावशी, त्यातच धुळीचे किडे झालेत. डोळ्यांना दिसत नाहीत. गरम पाण्यात धुवा."

धुतली. आईचा वास गेला, शिंकाही गेल्या.

टायगरला आणायला गेले, तर तो भावाच्या पोरांमागे लपला. रिकाम्या हातानं परतले. नात रडत म्हणाली, "त्याला घालवलं कुणी?"

मीच म्हटलं, "तुझ्या आजीनं. या मंदानं."