सरोजिनीबाईंचं टेबल

पुतळाबाई : मग चुलीवरचं पातेलं कोनी उतरवलं?

रामू : मी. चहा उतू जात होता.

पुतळाबाई : नुसत्या हातानं?

रामू : फडकं सापडलं नाय.

पुतळाबाई : फडकं तुमच्या खांद्यावर आहे. हात बघू. अवो, दाखवा ना. हे बघा, कातडी पांढरी पडली, फोड यायला लागला. आनि तुम्ही आपले गेटाचा गंज घासत बसलाय.

रामू : कामाचा हात आहे. राठ झालाय.

पुतळाबाई : राठ माझे झालेत, जल्मभर माठाची भाजी नि मुळे उपटून. तरी चटका बसला का अख्ख्या आळीला कळतं. तुम्ही हूं का चूं केलं नाय. कधीपासून चाललंय हे?

रामू : काय?

पुतळाबाई : मला काय विचारता, तुमच्या बोटांना विचारा.

रामू : ती कुठं बोलतात आता. शुगरचं आहे. डॉक्टर बोललेला, हातापायाला मुंग्या येतील. आल्या. मग मुंग्यापन गेल्या.

पुतळाबाई : कधी?

रामू : गनपतीच्या आधी.

पुतळाबाई : म्हंजे एव्हरशाईन कॉलनीतल्या सरोजिनीबाईंचं टेबल त्याच्यानंतर केलं तुम्ही.

रामू : तू जा ना, चहा गाळ.

पुतळाबाई : चहा गेला चुलीत. ऐन दिवाळीत बाईंच्या टेबलाचं पॉलिश सोललं, कांद्याच्या सालीसारखं. पाहुने फराळाला बसलेले. तुम्ही घासलेलं, नि पॉलिश मारलेलं बॅप्टिस्टभाऊंनी.

रामू : एवढी वर्षं तसंच करतो. माझा घासायचा कागद, त्याचा ब्रश.

पुतळाबाई : बाईंनी दोघांना बोलावून विचारलं तेव्हा काय सांगितलं तुम्ही? घरी येऊन एवढंच बोलला होता, का मिटलं.

रामू : मी बोललो, घासकाम माझं आहे, त्याच्यात खोट निघनार नाय.

पुतळाबाई : मग बाकी कोन उरलं?

रामू : मी त्याचं नाव घेतलं नाय.

पुतळाबाई : दोघांतला एक बाजूला सरकला का दुसऱ्याचं नाव घ्यावं लागत नाय. भाऊ काय बोलले?

रामू : पॉलिशचा डबा उघडून वास घेतला, झाकन लावलं, नि बाईंना बोलला, माझी चूक, मी परत मारून देतो.

पुतळाबाई : नि तुम्ही बाजूला उभे.

रामू : उभा होतो.

पुतळाबाई : आता कळलं. म्हनून तेव्हापासून लाकडाचं काम आलं का अंगात कनकन भरते, नि गेट, ग्रिल, भिंत असली का बरं वाटतं.

रामू : लोखंडाचा गंज डोळ्याला दिसतो. भिंतीवर बॅटरी आडवी धरली का खड्डा दिसतो. लाकडाचं तसं नाय. जुन्या पॉलिशवर कागद मारला का सगळीकडं धूळ बसते, वरून सारखंच दिसतं. मग बोटं फिरवून बघायचं. कुठं जुनं पॉलिश राहिलं असंल तर बोट सरकतं, घासलेल्या जागी धरून राहतं. सरकत्या जागेवर नवं पॉलिश बसत नाय. बसल्यासारखं करतं, नि सोलतं.

पुतळाबाई : मग त्या दिवशी नाय फिरवली बोटं?

रामू : फिरवली. सगळीकडं सारखंच लागलं. मला वाटलं, झालं.

पुतळाबाई : खरंच वाटलं?

रामू : नाय.

पुतळाबाई : मला हाक मारायची. मी येऊन हात फिरवला असता.

रामू : तुझे हात? लुगड्याचा दोरा अडकतो त्याच्यात.

पुतळाबाई : मग गाल लावला असता टेबलाला. लाज वाटली असती तर माझी वाटली असती, तुमची नाय.

(अंगणात सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज.)

बॅप्टिस्ट : वहिनी, आहे का घरात आमचा घाशा?

पुतळाबाई : या भाऊ. कुठं जानार आहेत ते. हे काय, एवढं गाठोडं? घर सोडून निघालात काय?

बॅप्टिस्ट : घर नाही, धंदा सोडला. रामू, हे ठेव तुझ्याकडे. ब्रश आहेत, मलमल आहे, दोन डबे आहेत न उघडलेले. कोणी चांगला पॉलिशवाला मिळाला तर दे त्याला.

रामू : काय बोलतोस?

बॅप्टिस्ट : एव्हरशाईनलाच एका सोसायटीत वॉचमनची जागा आहे, सोमवारपासून. शिट्टी देतात, खुर्ची देतात. टोपीपण दिली, ती नाकापर्यंत येते. मार्गारेट म्हणाली, बरं झालं, नवरा झोपला तर दिसणार नाही.

पुतळाबाई : नि भुईगावच्या चर्चची बाकं? फादरनी तुम्हालाच विचारलेलं ना?

बॅप्टिस्ट : त्यांना नाही म्हणून आलो. बाईंच्या घरी चार पाहुण्यांसमोर साल निघाली, इथे सगळं गाव मिस्साला बसतं. लोकांच्या कपड्यांना पापुद्रे चिकटले तर मी तोंड कुठे लपवू?

रामू : एका टेबलावरून एवढं मनावर घेतात काय?

बॅप्टिस्ट : एका टेबलावरून नाही. मी घरच्या स्टुलावर मारून बघितलं, तिथे चांगलं बसलं. त्याच डब्यातलं, त्याच ब्रशनं. म्हणजे हात कधी चालतो, कधी चालत नाही. नेहमीच बिघडला असता तर निदान काय ते समजलं असतं.

रामू : कधी कधी डब्यातच खोट असते. कंपनीचा माल आताशा...

पुतळाबाई : अवो.

रामू : जुना माल नव्या डब्यात भरतात.

पुतळाबाई : मी इथंच बसलेय.

बॅप्टिस्ट : डबा चांगला होता रे. तू माझ्यासाठी कारणं शोधू नकोस. तुझं घासकाम होतं म्हणून निदान कडा तरी टिकल्या, नाहीतर सगळंच गेलं असतं. बाईंना मी तसं सांगितलंसुद्धा.

रामू : असं सांगितलंस?

बॅप्टिस्ट : मग. आपल्या दोघांत एक तरी नाव चांगलं राहू दे.

रामू : बॅप्टिस्ट.

बॅप्टिस्ट : काय?

रामू : कडा टिकल्या, कारन कडा डोळ्याला दिसतात. मधे मला दिसलं नाय. नि बोटांना कळलं नाय.

बॅप्टिस्ट : म्हणजे?

रामू : बोटं मेलीत माझी. हा बघ फोड, आत्ताच भाजलं, हिनं दाखवलं तेव्हा मला समजलं. टेबल मधे घासलंच गेलं नव्हतं. तुझ्या हाताला काय झालेलं नाय.

बॅप्टिस्ट : हे तुला आज कळलं?

रामू : नाय.

बॅप्टिस्ट : बाईंसमोर उभे होतो तेव्हा ठाऊक होतं?

रामू : हो.

बॅप्टिस्ट : मी डब्याचा वास घेत होतो तेव्हा?

रामू : हो.

पुतळाबाई : भाऊ, पानी देऊ?

बॅप्टिस्ट : नको वहिनी. त्या दिवशी मी जेवलो नाही. मार्गारेट विचारायला लागली, तर तिला म्हटलं, माझे हात गेले आता. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती माझे हात धरून रोझरी म्हणते. देवपण चक्रावला असेल, चांगल्या हाताचं बरं काय करू म्हणून.

रामू : मी बाईंकडं जातो. आजच जातो. सगळं सांगतो.

बॅप्टिस्ट : बाईंचं मग बघू. त्यांना टेबल पाहिजे, ते कोणीही करून देईल. आधी माझ्या घरी चल.

रामू : मार्गारेटला तू सांग ना. माझ्यानं नाय होनार. ती मला भाऊबीजेला ओवाळते रे.

बॅप्टिस्ट : म्हणून तर.

रामू : तिच्यासमोर तोंड उघडनार नाय माझं.

बॅप्टिस्ट : माझं उघडलं होतं. म्हटलं होतं मी तिला, हात गेले.

पुतळाबाई : जा. मी गेट झाकून ठेवते.

रामू : निदान हात धुतो. गंज लागलाय सगळा.

बॅप्टिस्ट : राहू दे तसेच.

रामू : बरं. हे गाठोडं?

बॅप्टिस्ट : त्याचं मला आत्ता विचारू नकोस.

रामू : चल मग.

बॅप्टिस्ट : असा कुठे निघालास? चप्पल घाल. वाटेत काटा मोडला तर कळायचं नाही तुला.