शिक्का जुळत नाय

२००८ साली मुरबाडच्या एसटी स्टँडवर मी धसईच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर त्याच गाडीसाठी थांबलेली दीप्ती नावाची मुलगी आणि तिचे मामा बोलत होते. सलाइन मोजून सोडणाऱ्या मशीनच्या कंपनीत ती कामाला होती.

“मामा, शुक्रवारी एकपण मशीन चालू होईना. प्रोग्राम तर मीच लिहिलेला.”

“मंग तुझं आयकत का नाय गो?”

“प्रोग्रामच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेला एक शिक्का आमी त्याला मारतो. मशीन चालू होताना आधी तो तपासते. आत एक आकडा जरी बदलला तरी शिक्का जुळत नाय, आन मशीन उठतच नाय.”

“कोणी बदलला?”

“कोणी नाय. कॉपी करताना बिघडला असेल. साहेब बोलले, तपासणीच काढून टाक, सोमवारी माल जायचाय.”

“काढलीस?”

“नाय. एक दिवस मागून घेतला. रात्रंदिवस बसून सगळे आकडे ताडून बघितले. लाखोंत एक चुकलेला.”

“एका आकड्यानं काय व्हतंय?”

“तो औषधाच्या वेगाचा होता, मामा. नऊपट औषध गेलं असतं अंगात.”



“म्हंजे त्या तपासणीनं तुलापण अडवलं?”

“मलापण.”

“सायबालापण?”

“सायबालापण.”

“केवढी असते गो, ती तपासणारी?”

“मशीनमधली एक चिप असते ती, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी.”

धसईची गाडी लागली. मामा उठले नाहीत. करंगळी डोळ्यांजवळ धरून ते नख बघत होते.