तीनदा दाबायचं

नाही, किल्ली खिळ्याला नाही, माझ्या मुठीत आहे, आणि आज ती तुम्हाला मिळणार नाही. बसा ना भाऊजी, पायरीवर बसा, असे हेल्मेट काखेत धरून उभे राहिलात की मलाच अपराधी वाटतं. नित्या जाणार समुद्रावर, तुमच्याबरोबरच जाणार, काका-पुतणीचा रविवार मी कशाला मोडू — पण या गाडीवरून नाही. तुमच्या तंजावरी बोलीत कसाला वैनी, कसाला वैनी करू नका, कशाला ते सांगतेय. काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा, आणि कशामुळे, तर त्या तिच्या छोट्या सायकलीमुळे. बघा, खांबापाशी कशी येते — आता बघा — दाबला, दाबला, दाबला, पिल्लैयारप्पा, थांबली. दिसलं? तीनदा दाबते आणि गणपतीला हाक मारते. महिनाभर मी याचं कौतुक करत होते. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तुमची नात ब्रेक लावतानासुद्धा देवाचं नाव घेते, आणि त्यांनी ते तंजावूरला अख्ख्या गल्लीला ऐकवलं. काल झोपताना मी सहज म्हटलं, अगं, एकदाच दाबलं तरी थांबते की तुझी सायकल. तर म्हणाली, मोठी गाडी एकदा दाबून थांबत नाही, आई. एवढंच बोलली आणि कूस वळवून झोपली. ती झोपली.

आणि मोठी गाडी या घरात एकच आहे.

इकडे या, उजव्या मुठीपाशी. चप्पल नवी घेतलीत वाटतं, छान आहे — गेल्या रविवारची अगदीच गेली होती, टाच घासून पापडासारखी झालेली, घरी जायला तुमच्या अण्णाची, संजीवची चप्पल द्यावी लागली तुम्हाला. वाळूनं अशी घासते म्हणालात. मी सोलापूरची, वाळूचं मला काय कळणार. तर हे बघा, ब्रेकच्या मुठीवरची ही डबी, हिला बटणाएवढी काचेची खिडकी असते, आतलं दिसावं म्हणून ठेवलेली. तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. कारण दर आयुधपूजेला सासूबाई येतात, आणि गोल काही दिसलं की त्यावर चंदन, चंदनावर कुंकू — दिव्याला, आरशांना, मीटरला, आणि या खिडकीलाही. धुताना पुसायचं नाही, पूजेचं आहे. पुढच्या वर्षी ठिपक्यावर ठिपका. चाकाखाली लिंबू चिरडलं, समोर कोहळा फोडला, झाली गाडीची काळजी. देवधर्माला मी नावं ठेवत नाही हं, हे त्यांच्या कानावर घालू नका — पण आज सकाळी नखानं खरवडलं, पापुद्रा निघाला, आणि आत पाहिलं तर, शी.

ही बाटली धरा. धरा हो, चावत नाही. नित्याच्या तापाच्या औषधाची आहे, आणि औषध पाजायच्या पिचकारीनंच मी हे डबीतून काढलंय. उजेडाकडे धरून बघा. परवाच्या फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन म्हणावं, तर त्याला निदान वास तरी चांगला येतो. खाली तो काळा गाळ बसलाय, तो कसला आहे मला विचारू नका, रबराचा असेल, गंजाचा असेल. नवं असताना हे फिकट पिवळं असतं, जवळजवळ पाण्यासारखं. आणि याच्यावर विसंबून आपण आपली मुलं टाकीवर पुढे बसवतो.

तुम्ही सगळे ब्रेक ऑइल, ब्रेक ऑइल म्हणता ना, तिथंच फसायला होतं. तेल म्हटलं की वाटतं पाण्याशी याचं काही देणंघेणं नाही, तेल आपलं वर तरंगणार. हे तेल नाहीच. हे मिठाच्या जातीचं आहे. चेन्नईत मीठ उघडं ठेवून बघा, संध्याकाळी त्याचा गोळा — मी बरणीत तांदूळ टाकून ठेवते त्यासाठी. हेही तसंच हवेतलं पाणी ओढतं, झाकणाच्या फटीतून, रबरी नळीतून, गाडी नुसती उभी असली तरी. आणि मी कोण, तर एम.एस्सी. केमिस्ट्री. हवेतली ओल ओढणारे पदार्थ, हे मी कॉलेजात फळ्यावर लिहून शिकवलंय, पोरं वहीत उतरवून घ्यायची. मिठात तांदूळ घालताना कळतं मला, आणि जिन्याखाली उभ्या गाडीत काय मुरतंय ते नाही कळत. शिक्षणाचा असा उपयोग केलाय मी.

पाणी मुरलं तर काय झालं? — असंच म्हणणार होतात ना, तोंडावर दिसतंय. सांगते. ब्रेक लावला की चाकापाशी तापतं. नवं असेल तर कितीही तापलं तरी सहजी उकळत नाही. पाणी मुरलेलं लवकर उकळतं, आणि उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे. बुडबुडा दबतो, भाऊजी, तोच घोळ आहे — तुम्ही मूठ आवळता, आत बुडबुडा दबतो, आणि चाकापर्यंत काही पोचतच नाही. मूठ हँडलला टेकते आणि गाडी आपली पुढेच. मग परत दाब, परत दाब, तेव्हा कुठे धरते. तीनदा.

केव्हा बदलायचं? दर दोन वर्षांनी. चालवा नाहीतर झाकून ठेवा, दोन वर्षांनी, आणि रंग आधीच काळवंडला तर आधीच. पुस्तकात लिहिलंय, गाडीबरोबर आलेल्या, ज्याला आपण कधी हात लावला नाही. ही गाडी आली तेव्हा नित्या पोटात होती, आणि ती आता शाळेत जाते. एकदाही बदललं नाही. दर सर्व्हिसिंगला वरून थोडं घालतात म्हणे. म्हणजे शिळ्या सांबारात ताजं सांबार. डबीतलं बदलून भागत नाही हो, नळीतलं तसंच राहतं — खालून सगळं वाहवून काढायचं, वरून सीलबंद बाटलीतलं नवं घालत जायचं, आतली हवा जाईपर्यंत. आणि डाव्या मुठीवरची डबी, ती क्लचची. तीही तसलीच, तिच्यावरही चंदन. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही म्हणून संजीव गाडीला तमिळमध्ये शिव्या घालतो ना, नित्या शाळेत जाऊन म्हणते त्या, ते याच घाणीमुळे — क्लच पुरता सुटतच नाही. त्यात काय घालायचं ते मात्र झाकणावर वाचून. काही गाड्यांच्या क्लचला वेगळं लागतं, भलतं घातलं तर आतली रबरं फुगतात.

हसू नका. मला माहितीये मी कशी आहे. मीच ती, जी नित्याच्या डब्यातली द्राक्षं चिरून देते, घशात अडकतील म्हणून. तुम्ही दोघे भाऊ मला हसता आणि मीही हसते. द्राक्षाची भीती वाटली मला, या डबीची नाही वाटली.

संजीवला विचारलं सकाळी, दोसे घालत होता तेव्हा. म्हणाला, मला ब्रेक कधी मऊ लागला नाही. ओण्णुम आगादु. तुमच्या घराण्याचं हे एक बरं आहे, काहीही असलं तरी काही होत नाही. मी म्हटलं, मुलगी बघून शिकलीय, टाकीवर बसून तुझ्या हाताकडे बघत असते ती. तर म्हणे, मी तिला नेतो कुठे, शाळेच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथून मेट्रो स्टेशन. तेव्हा मी त्याला खोटारडा म्हटलं. हो, म्हटलं. भीती असते तेव्हा मला शब्द फार चांगले सुचतात. त्यानं उलथनं ठेवलं आणि आत गेला, दोसा जळला, आणि जळलेला दोसा मी उभ्यानं खाल्ला, कारण टाकवत नाही. खरं म्हणजे तेवढ्या अंतरात ते तापतही नाही. थंड असताना ब्रेक चांगला लागतो, हेच तर त्यातलं घाणेरडं. तापायला लांब जावं लागतं, एग्मोरच्या पुलावरून उतरावं लागतं, ऊन लागतं — शाळेच्या कोपऱ्यापर्यंत काय तापणार, तो म्हणतो ते शक्य आहे — नाही, शक्य नाही, सिगरेट सोडली हेही त्यानं असंच शांतपणे सांगितलं होतं मला.

ते फडकं उचलू नका टाकीवरचं. — उचललंत. हो, रंग गेलाय. थेंब सांडला, मी कोरड्या फडक्यानं पुसला, पाण्यानं लगेच धुवायला हवा होता, फोड आले. संजीवनं अजून पाहिलेलं नाही. आणि बघण्यापुरतं थोडं काढलं असतं तरी चाललं असतं, तेही मला कळतं. मी डबी पूर्ण रिकामी केलीय, भाऊजी. मुद्दाम. तुम्ही येणार होतात ना. तुमच्या तिरुवल्लिकेणीच्या खोलीपासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ, तरी तुम्ही बसनं इथवर येता, या गाडीसाठी, आणि हसून हात पुढे करता, आणि मी किल्ली देते. दर रविवारी द्यायची नसते आणि देते. माझा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून काढून टाकलं सगळं. आता किल्ली दिली तरी तुम्ही फाटकाबाहेर जाऊ शकणार नाही. उद्या टेम्पोत घालून जाईल ती वर्कशॉपला. तुम्ही दोघं मेट्रोनं जा आज.

नेहमी तर अण्णाची बाजू घेता, आज घ्या ना. थांबा, तुम्हाला पटत नाहीये. नित्या, इकडे ये. ये, सायकल घेऊनच ये. काकाला दाखव बरं, बाबा मोठ्या गाडीचा ब्रेक कसा दाबतो. दाखव, बाबाला कुणी रागावणार नाहीये. — एकदा. अगं, नीट दाखव, तू करतेस तसं, तीनदा, पिल्लैयारप्पा म्हणत. — बाबा नाही म्हणत? — बाबा एकदाच दाबतो? — मग तीनदा कोण —

भाऊजी, तिच्याकडे नका बघू. माझ्याकडे बघा. तू बोल नित्या. खाली काय बघतेस, काकाच्या पायांकडे?

— काका, नवी चप्पल रस्त्यावर घासायची नाही ना आज? मग गाडी थांबणार कशी?