क्षमाची बॅग

मुलुंडला दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघत बसलेल्या तेजलला शेजारच्या साठीतल्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं.

“अगं क्षमा, मी कोट घेऊ ना? क्रूझवर कॅप्टनबरोबर जेवण असतं म्हणे.”

“ते मोठ्या जहाजावर. आपलं चाळीस माणसांचं. तिथे कॅप्टनच हाफ पँटमध्ये असेल. तुम्ही वारा अडवणारं जाकीट घ्या आणि न घसरणारे बूट.”

“आणि बॅगेत तो पोहायचा ड्रेस कुणाचा?”

“माझा.”

“तुला कुठे पोहता येतं?”

“चार महिने रोज सकाळी मी योगाला जाते, असं तुम्हाला वाटतंय.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही घाबरून माझं पोहणं बंद केलं असतं.”

“आणि मी पाण्यात पडलो तर?”

“म्हणून तर शिकले.”