हरणाला आवडलेली बंदूक

चहा गार होऊ देऊ नका, घोट घेता घेताच ऐका. आमच्या कॉव्हेंट्रीच्या जावईबापूंना ऑफिसातल्या मित्रानं हरणाच्या शिकारीचा नाद लावला. लायसन्स आलं, आणि बंदूक निवडायला दुकानात मलाच घेऊन गेले. मी दर रविवारी विहारात पंचशील म्हणणारा, जीव मारणार नाही असं वचन घेणारा माणूस. पण जावयाला नाही कसं म्हणायचं?

दुकानदार म्हणाला, दाट, ओल्या रानात लांब बंदूक फांद्यांत अडकते, आखूड घ्या. तशा दोन होत्या, खालची कडी ओढून गोळी चढवायच्या. एकीची कडी गुपचूप फिरायची. दुसरीची हापशाच्या दांड्यासारखी खटाक् वाजायची.

"बाबा, कुठली घेऊ?"

"ही वाजते ती घ्या. मजबूत वाटते," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी रानात गेलो. झाडं टपटप गळत होती, बूट चिखलात रुतत होते. जावईबापू म्हणाले, "झुडपांतून चालताना गोळी चढवायची नसते. हरीण दिसलं की मगच."

आणि दिसलं की हो! अगदी जवळ, पाठमोरं चरत होतं. मी डोळेच मिटून घेतले.

खटाक्!

डोळे उघडले तर हरीण पसार. मी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की जावईबापूंनी वळून पाहिलं.

"खरं सांगू बाबा? बरंच झालं. माझ्याच्यानं गोळी झाडवली नसती." मग हसले. "पण तुम्ही निवडलेली बंदूक फारच वाजते हो."

म्हटलं, "वाजू द्या की. हरणाला आवडली."