वाफवाल्याच्या मागं

चहा येईस्तोवर सांगतो, माझ्या कपाटात इंजिनाचे एवढे सांगाडे काहून पडलेत ते.

लोकांनी अर्धवट सोडलेली, हातभर लांबीची, पण पुरी केली की खरोखर वाफेवर चालणारी इंजिनं ऑनलाइन लिलावात विकायला येतात. मी अंबाजोगाईत बसून मोबाईलवर बोली लावायचो. समोर कायम एकच गडी. नाव टाकलेलं 'वाफवाला', गाव कोल्हापूर. मला वाटलं, फाउंड्रीतला जुना मिस्त्री असणार. हा ज्याला हात घालील तो माल पक्का. म्हणून मी बी त्याच्याच मागं जायचो. कवा बॉयलर त्याला, कवा चाकं मला. लई वर्षं चाललं असं.

मागच्या महिन्यात त्याचा सगळा माल एकदम लिलावात आला. समोर बोली लावायला कुणीच न्हाई. मी घेतला. खोकी आली तर एक बी फोडलेलं नव्हतं. खोक्यावरच्या नंबरला फोन लावला. त्याची मुलगी बोलली.

"बाबा गेले, काका."

"मोठा कारागीर गेला," मी म्हणलो.

"कारागीर कुठले? पोस्टात कारकून होते. साधा पाना धरता यायचा नाही. म्हणायचे, अंबाजोगाईचा तो माणूस जाणकार आहे, तो बोली लावेल तेच घ्यायचं. एकदा त्याच्याकडं जाऊन शिकायचं."

मी समोरचं एक खोकं जवळ ओढलं.

"काका, तुम्ही तरी एक पुरं करा. चाललं की व्हिडिओ पाठवाल ना?"

पाठवतो म्हणलो बे. साड्या विकणारा माणूस मी, मला तरी कुठं पाना धरता येतो?