गिऱ्हाइकांची अदलाबदल आणि आमच्या बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या कचेरीचे मालक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या सगळ्यांच्या बाई, आणि समोर बसलेले घरं विकणारे, घरं घेणारे, तसंच अजून घर न मिळाल्यामुळे आशेनं आलेले सर्वजण, तुम्हाला माझा मनापासून नमस्कार.

मी या कचेरीत नोकरीला नाही. मी इथली गिऱ्हाईक. मागच्या वर्षी माझं घर या कचेरीनं विकलं. मालकांनी परवा फोन करून सांगितलं, "ताई, बाईंच्या निरोपाला दोन शब्द बोला." मी हो म्हटलं, कारण दोन शब्द बोलायची मला सवय आहे. सगळी नोकरी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीमागे झाली. तिथे मी लोकांशी एवढंच बोलले: जेवणाआधी, जेवणानंतर. आज जास्त बोलले तर ती बाईंची करामत समजा.

कचेरीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या बाईंच्या कामाबद्दल माझ्याआधी तीन वक्ते बोलले. त्या वेळेवर यायच्या, हिशेबाला चोख होत्या, कधी आवाज चढवला नाही. सगळं खरं. पण बाईंचं खरं काम कोणीच सांगितलं नाही. बाईंचं खरं काम पहिल्या रांगेत बसलंय. या टोकाला एक, त्या टोकाला एक.

हसू नका, त्यांनीच परवानगी दिली आहे. या टोकाचे ते धबधबा. ही नावं माझी नाहीत, कचेरीतली आहेत. एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत म्हणून धबधबा. आणि त्या टोकाचे मौनीबाबा. त्यांना "हे घर कसं आहे?" असं विचारलं तर ते घराकडे बघतात, मग तुमच्याकडे बघतात, आणि संपलं. दोघंही दलालीच्या कामात मुरलेले, दोघांचं टेबल एकाच पंख्याखाली, आणि कित्येक वर्षं दोघांत अबोला. भांडण त्या पंख्यावरूनच झालेलं. धबधब्यांना बोलून बोलून उकडतं, म्हणून पंखा जोरात हवा. मौनीबाबांचे कागद उडतात, म्हणून हळू हवा. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलायचे ते पंख्यामार्फत. मी स्वतः ऐकलंय. धबधबा मान वर करून म्हणायचे, "पंखेराव, कोणाला सांगायचं असेल तर सांगा, मालक बोलावतायत." मौनीबाबा वर बघून मान डोलवायचे. पंख्याला.

आता माझं घर. आमचे हे गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरचं ते घर मला झेपेना. गुडघे जिन्यातच भांडायला लागायचे. माझ्या धाकट्या बहिणीच्या शेजारची तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा रिकामी होत होती. तिचे मालक भले, म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. पुढे मात्र माझाही नाइलाज." म्हणजे महिनाअखेरच्या आत माझं घर विकलं जायला हवं होतं. नाहीतर बहिणीची भिंत गेली आणि मी त्या जिन्यावर एकटी. मी या दोघांना घर एकदा सगळ्या खोडींसकट फिरवून दाखवलं, किल्ल्या या कचेरीत दिल्या आणि बहिणीकडे राहायला गेले.

माझ्या घराला दोन दारं, बाहेर जाळीचं आणि आत लाकडी. दोन दारं, दोन किल्ल्या. एक धबधब्यांनी घेतली, एक मौनीबाबांनी. का? तर एकट्यानं दुसऱ्याच्या नकळत घर विकू नये म्हणून! आता तुम्हीच सांगा, अशी युक्ती जगात आणखी कुठल्या कचेरीत निघेल?

धबधबा एका बेकरीवाल्या जोडप्याला घेऊन गेले. जाळी उघडली, पुढे लाकडी दार बंद. दुसरा कोणी परत फिरला असता. यांनी बंद दारासमोर उभं राहून पूर्ण घर दाखवलं. "हे दार उघडलं की समोर हॉल, डावीकडे वळा, वळलात? हं, आता स्वयंपाकघर." बेकरीवाल्या बाई खरोखर डावीकडे वळल्या, म्हणे. आणि मौनीबाबा घेऊन गेले एका परिचारिकेला आणि तिच्या वडिलांना. यांच्याकडे किल्ली आतल्या दाराची, म्हणजे जाळीच्या पलीकडेच जाता येईना. ते उभे राहिले आणि जाळीतून बोट दाखवलं. वडिलांनी विचारलं, "काय आहे तिकडे?" मौनीबाबा म्हणाले, "घर."

असे दिवस जात होते. शेवटी मी कचेरीत आले, बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात महिनाअखेरीवर बोट ठेवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या दोघांकडे पाहिलं. मग पंखा बंद केला.

"जाळीची किल्ली इथे ठेवा," त्या म्हणाल्या. "दाराचीही इथे ठेवा. आणि आता ऐका. उद्यापासून गिऱ्हाइकांची अदलाबदल. तुमची परिचारिका हे नेतील. यांचे बेकरीवाले तुम्ही न्या."

"बाई, हा अन्याय आहे," धबधबा म्हणाले.

मौनीबाबाही म्हणाले, "अन्याय." बाई मला नंतर म्हणाल्या, "इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेव्हाच मला वाटलं की हे जमणार."

दुसऱ्या दिवशी बाई आणि मी त्या घराच्या स्वयंपाकघरात चहा करून बसलो. आधी मौनीबाबा बेकरीवाल्यांना घेऊन आले. हॉल दाखवला. शांतता. खोली दाखवली. शांतता. त्या बेकरीवाल्या बाई हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हे काहीच बोलत नाहीत. इथे काही घडलंय का हो?" नवरा म्हणाला, "चल, आधी जिना उतर." पाच मिनिटांत दोघं रस्त्यावर.

माझा चहा तसाच राहिला. बाईंनी आपल्या चहाचा घोट घेतला. म्हणाल्या, "अजून एक आहेत."

मग धबधबा आले, मौनीबाबांची गिऱ्हाइकं घेऊन. आता बघा, हा सौदा झाला तर नाव मौनीबाबांचं होणार. मग धबधब्यांनी काय करावं? त्यांनी घराचे सगळे दोष एकेक करून सांगायला सुरुवात केली. आणि त्या घरातले दोष म्हणजे, काय सांगू, आमच्या ह्यांना दुरुस्तीची भारी हौस होती. हात मात्र त्या हौसेला साथ देणारे नव्हते.

"मी फसवणूक करणारा माणूस नाही," धबधबा दारातच म्हणाले. "ही बेल दाबा. काही ऐकू आलं?"

"नाही," मुलगी म्हणाली.

"येणारच नाही. पण आत न्हाणीघरातला दिवा लागला."

वडील म्हणाले, "काय सांगता! तू दाब गं, मी आत बघतो." आणि आतून आवाज, "लागला! परत दाब. विझला! परत दाब!"

मी इथे सांगते, ती बेल ह्यांनीच जोडली होती. मी तेव्हा म्हटलं, "अहो, हे चुकलंय." तर म्हणाले, "चुकलं कसं? आंघोळीला बसलेल्या माणसाला कळायला नको का, कोणीतरी आलंय ते?"

धबधबा पुढे सरकले. "हे फळीचं काम बघा. उतरती आहे. इकडे पुस्तक ठेवलं की तिकडे पोचतं. हे दार उघडलं तर कपाट उघडत नाही, कपाट उघडलं तर माणूस खोलीत अडकतो. आणि नळ! निळ्या खुणेच्या नळाला गरम पाणी, लाल खुणेच्या नळाला गार!"

मी स्वयंपाकघरात ऐकत होते. ह्यांना जाऊन सहा महिने झाले होते, आणि त्या सहा महिन्यांत घरी येणारा प्रत्येक माणूस मला त्यांचे गुण सांगत होता. किती शांत, किती प्रेमळ. दोष कोणी सांगितलेच नव्हते. आणि इथे हा माणूस सगळं घर फिरून, मोठ्यानं, माझ्या नवऱ्याची एकेक चूक वाचून दाखवत होता, आणि मला वाटत होतं, हेच ते, हेच माझे हे. मला हसू फुटलं. साधं हसू नव्हे. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

बेकरीवाल्यांना खाली सोडून परत आलेले मौनीबाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे. त्यांना वाटलं, मी रडतेय. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि तो माणूस ओरडला, "पाणी!"

धबधबा धावत आले. "कुठंय?"

"नळाला! निळा सोडा!"

"निळ्याला गरम येतं! आत्ता तासभर काय सांगतोय मी?"

"मग लाल सोडा की, माणसा!"

"सोडतोय! भांडं कुठंय?"

"तुमच्या हातात आहे!"

मी आणखीच हसायला लागले. बाई माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "ताई, थांबू नका हं. हे दोघं बोलतायत."

एवढ्यात न्हाणीघरातून ते वडील आले, बाह्या सरसावलेल्या. ते आयुष्यभर वायरमन होते हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण मौनीबाबांनी विचारलं नव्हतं आणि धबधब्यांनी विचारायला उसंत घेतली नव्हती. ते मुलीला म्हणाले, "हेच घर घे. निवृत्त झाल्यापासून नुसता बसून आहे मी. इथे मला मरेपर्यंत काम आहे."

टाळ्या वाजवू नका, अजून संपलेलं नाही. मलाही वाटलं होतं, संपलं.

नोंदणीच्या कचेरीत आम्ही सगळे बसलो होतो. माझं नाव पुकारलं. कागद पुढे आला, पेन हातात आलं, आणि माझा हात उठेना. मला एकदम समजलं की हे भले गृहस्थ बेल नीट करतील. फळी सरळ करतील. नळांच्या खुणा बदलतील. एकेक करून सगळं नीट करतील, आणि मग त्या घरात आमचे हे कुठे राहतील?

धबधबा म्हणाले, "वहिनी, करा सही, महिनाअखेर आली." मौनीबाबांनी सुद्धा म्हटलं, "करा." बाई त्या दोघांना म्हणाल्या, "तुम्ही दोघं बाहेर जा आणि एकमेकांशी बोला." दोघं गेले. आमचा नंबर गेला. पुढचा नंबर गेला. बाई माझ्या शेजारी बसून राहिल्या. त्यांनी मला धीर दिला नाही. वेळ झाला असंही म्हणाल्या नाहीत. मग मीच सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगितलं तसं.

बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "ताई, घर बंद ठेवलंत तर त्यांची आठवण कोण काढणार? तुम्ही बहिणीकडे. आणि हे काका तिथे राहिले, तर रोज सकाळी त्या घरात एक माणूस पक्कड घेऊन ओरडणार, 'हे कोणत्या शहाण्यानं केलंय?' रोज, ताई. त्यांची आठवण इतकी मन लावून दुसरं कोण काढेल?"

मी सही केली. हसतच केली. तिथल्या कारकुनानं माझ्याकडे संशयानं बघितलं.

ते काका आज इथे आहेत, चौथ्या रांगेत. त्यांची मुलगी मला आठवड्याला फोन करते आणि बाबा आज काय म्हणाले ते सांगते. सगळंच इथे सांगता येण्यासारखं नसतं. काका, मान खाली घालू नका, मला फार बरं वाटतं. मी तळमजल्यावर राहते, बहीण भिंतीवर थाप मारते, मी उलट थाप मारते, चहा होतो.

आता तुम्ही म्हणाल, कठीण सहकाऱ्यांना सांभाळायचं कसं, ते बाईंनी शिकवलं का? मला तरी असं दिसलं की त्यांनी कोणाचाच स्वभाव बदलायला घेतला नाही. बोलणाऱ्याला बोलू दिलं, गप्प बसणाऱ्याला गप्प बसू दिलं, फक्त जागा बदलल्या. आणि जिथे कोणीच बोलायचं नव्हतं, तिथे दोघांना बाहेर काढलं. एवढं सोपं असतं तर सगळ्यांनी केलं असतं, नाही का?

बाई आता मुलीकडे राहायला जातायत, हे अध्यक्षांनी सांगितलंच. त्यामुळे त्यांचंही घर पुढच्या महिन्यात विकायला... अरेच्चा. हे बोलायचं नव्हतं का? बाई माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. आणि पहिल्या रांगेची दोन्ही टोकं एकदम उठून उभी राहिली आहेत. बसा हो दोघं. बसा! बाईंनी माझ्याशिवाय अजून कोणालाच सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, दुसऱ्यांची इतकी घरं विकली, आणि आपल्या घराची किल्ली काढून द्यायला हात होत नाही." मी उठले, बहिणीच्या भिंतीवर थाप मारली, चहा सांगितला.

अध्यक्षमहाराजांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानते. मला दोन शब्द सांगितले होते, ते केव्हाच उलटून गेले. बोलण्याच्या भरात कोणाचं काही कमी-जास्त निघालं असेल, किंवा कोणाची फोडू नये ती गोष्ट फुटली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि बाई, सहीच्या दिवशी मला बोलवा. कितीही नंबर पुढे जाऊ देत. मी काही बोलणार नाही, नुसती शेजारी बसेन. तेवढं मला चांगलं येतं.